अण्णांच्या हाताचा आलेख

३ फेब्रुवारी, सोमवार

एक सुई मागितली, दोन आल्या!

आज प्रॅक्टिकलला कोसाइन होतं. राजानंद सर म्हणाले, सेकंदाला पाच वेळा वरखाली होणारी साधी लाट तयार करा, सेकंदाला शंभर नोंदी घ्या, फोरियर ट्रान्सफॉर्म काढा, आलेख दाखवा आणि घरी जा. म्हणजे लाटेच्या पोटात कोणता वेग दडलाय ते शोधायचं. पाच आपणच घालायचे आणि पाच आपणच शोधायचे. लहान पोरं स्वतःच खडा लपवून स्वतःच शोधतात तसं. तरी माझे हात गार! प्रोग्राम चालवला तर पाचावर सुईसारखी एक उभी रेघ, आणि तिकडे डावीकडे वजा पाचावर दुसरी. म्हटलं झालं, गेलं प्रॅक्टिकल. माझा पार्टनर अकिब वाकून बघतो आणि म्हणतो, "वजा पाच म्हंजे काय, उलटी हलून राह्यली का?"

सर हसले. कोसाइन म्हणजे दोन फिरत्या काट्यांची बेरीज, एक सुलटा फिरणारा, एक उलटा. उंची दोघांत अर्धी अर्धी. "उजवीकडची बघा, डावी तिचीच सावली." म्हणजे माझं बरोबरच होतं. बरोबर असलं तरी मी घाबरते, हा माझा जुना रोग.

घरी परतूरला येईपर्यंत गाडीत लोकांचे हात बघत बसले. कारण काल रविवारी अण्णांना, माझ्या वडिलांना, डबा द्यायला वाटूर फाट्यावर गेले होते. तिथल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये अण्णा ट्रक-ट्रॉल्यांवर नावं रंगवतात. एका ट्रॉलीच्या फळीवर 'श्री' काढत होते. वरची वेलांटी वळवताना ब्रश थरथरला. रेघ करवतीच्या दातांसारखी झाली. त्यांनी पटकन फडक्याने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं — मी पाहिलं का, ते पाहायला. मी रस्त्यावरच्या टँकरकडे बघतेय असं दाखवलं.

४ फेब्रुवारी

अण्णा चहा बशीत ओतून पितात हल्ली. बशीसुद्धा जमिनीवर ठेवून, वाकून. आधी असं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कॉलेज बुडवून फाट्यावर गेले. काहीतरी कारण सांगितलं. अण्णांनी हाताखाली काठी घेतली होती! फळीला काठी टेकवायची, तिच्यावर मनगट ठेवायचं आणि मग ब्रश चालवायचा. पुष्कळ पेंटर असंच करतात. पण अण्णा त्यांना हसायचे. "काठी म्हाताऱ्याला लागती. पेंटरला दम लागतो — श्वास रोखायचा आन् एका दमात रेघ मारायची." हे मी किती वेळा ऐकलंय! आज तेच अण्णा काठी धरून बसलेले. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "थंडी हाय गं." ऊन मी मी म्हणत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला का दिसत न्हाई? कल्याणला सांगितलंय मी. त्यानं नंबर लावलाय." म्हणजे कल्याणमामाने संभाजीनगरला नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, बुधवारचा. अण्णांना अजून माहीतच नाही. या घरात सगळे सगळ्यांपासून लपवतात आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. आमच्या गल्लीत किराणावाले राधेश्यामकाका होते. त्यांना कंपवात होता. आधी हात, मग पाय, मग बोलणं. शेवटी त्यांची सून घास भरवायची आणि तोही ओठावरून खाली यायचा. अण्णांच्या हातात ब्रश नाही असे अण्णा मला डोळ्यांसमोर आणताच येत नाहीत.

८ फेब्रुवारी

दिवसभर नेटवर वाचलं. वाचू नये हे कळतं, पण वाचलं.

कंपवाताचा हात साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो, म्हणे. आणि सगळ्या माणसांचे हात थोडे थोडे हलतातच, पण ते आठ ते बारा, डोळ्यांना दिसत नाही इतकं. म्हणजे हा नुसता वेगाचा प्रश्न आहे! लाटेच्या पोटातला वेग काढायला तर मी सोमवारीच शिकले. फोनमध्ये हालचाल मोजायची सोय असते. फोन अण्णांच्या हाताला बांधायचा, नोंदी घ्यायच्या, त्याच प्रोग्राममध्ये टाकायच्या आणि सुई कुठे उभी राहते ते बघायचं. पाचाजवळ की दहाजवळ.

अकिबला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव ना यार, तू काहून डॉक्टर होऊन राह्यली?" फोन ठेवून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

दहा!! दहा आले!

सकाळी अण्णांना म्हटलं, प्रोजेक्ट आहे, हात द्या. ते लगेच तयार. पोरीच्या अभ्यासाचं म्हटलं की अण्णा मानसुद्धा काढून देतील. पाय मुरगळल्यावर बांधतात तसल्या गरम पट्टीने फोन त्यांच्या हाताच्या पाठीवर बांधला. बॅटरी कमी होती, पण म्हटलं मिनिटभर तर पाहिजे. जुन्या पत्र्यावर त्यांना एक मिनिट रेघा मारायला लावल्या, काठीशिवाय. आई वाटाणे सोलत भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून होती. "झालं गं मिनिट" म्हणाली तेव्हा थांबवलं. तेवढ्या वेळात मी नखं खाऊन संपवली.

मग लॅपटॉप. सोमवारचाच प्रोग्राम, फक्त कोसाइनच्या जागी अण्णा. आलेख उघडताना डोळे मिटून घेतले, आणि मग एकच उघडला. कोसाइनसारखी स्वच्छ सुई नव्हती. सगळीकडे गवत, आणि मधे एक उंच टेकाड, दहाच्या थोडं पुढे. दहा! म्हणजे सगळ्यांचं असतं तसलं. म्हणजे थकवा, चहा, वय, काहीही, पण ते नाही!

मी ओरडलेच. मग सगळं सांगावं लागलं — नंबर, कंपवात, सगळं. अण्णा आधी चिडले, मग हसायला लागले. "म्हंजे मशीननं पास केलं मला?" म्हटलं, फर्स्ट क्लास! आई पदराने डोळे पुसत सालं गोळा करत होती.

१० फेब्रुवारी

अण्णांनी स्वतः मामाला फोन करून नंबर रद्द केला. "माझी पोरगीच डाक्टर झाली, कशाला जायचं तितक्या लांब?" मी शेजारीच उभी होते. फुगले होते.

१२ फेब्रुवारी

काठी शेडच्या कोपऱ्यात फेकली त्यांनी. आणि गावच्या शाळेची भिंत रंगवायचं काम घेतलं, जे महिनाभर 'बघू बघू' म्हणून टाळत होते. वरच्या मजल्यापर्यंत नकाशा आणि सुविचार. शिडीवरचं काम. सोमवारपासून सुरू.

छान वाटायला हवं. वाटतंयही. पण रेघ अजून दातेरीच येते, आज चोरून पाहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे मी कसं लिहू?

सरांना कौतुकाने आलेख दाखवायला गेले. कोणाचा हात ते सांगितलं नाही. सरांनी बघितलं, म्हणाले छान केलंय, खरी नोंद घेतलीस, बाकीचे कोसाइन करून पळाले. मग नुसत्या नोंदींचा आलेख वर-खाली करत विचारलं, "किती वेळ नोंद घेतली होती?"

म्हटलं, एक मिनिट सर. आईने घड्याळ बघितलं होतं.

"मग हा तिसाव्या सेकंदालाच कसा संपतो?"

मला आधी कळलंच नाही. अर्धं मिनिट गेलं कुठे? मग सरांनी माझा फोन मागितला. बॅटरी कमी झाली की फोन आपोआप काटकसर करतो आणि शंभराऐवजी पन्नासच नोंदी घेतो. मी मात्र प्रोग्रामला सोमवारचेच शंभर सांगून ठेवलेले. कोसाइन माझंच होतं, तिथे शंभर म्हटलं की शंभरच. अण्णांचा हात माझ्या सांगण्यावर हलत नव्हता! मिनिटभराचं सगळं प्रोग्रामने अर्ध्या मिनिटात कोंबलं, म्हणून सगळं दुप्पट जोरात हललेलं दिसलं.

दहाचे पाच.

सर म्हणाले, "असू दे, अक्ष दुरुस्त कर, अशा चुकांतूनच शिकतो माणूस." मी हो म्हटलं, बाहेर आले आणि जिन्यात बसले. अकिब पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. त्याला सगळं माहीत होतं. "मी बोललो होतो" असं म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण त्याने नुसती बाटली पुढे केली.

अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले मी. एक लाट काढता आली तर निघाले बापाचा रोग ओळखायला!

१४ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

अण्णांनी शाळेच्या भिंतीचं माप घेतलं. शिडी शेजारच्या कांताबाईंकडची आणणार आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सकाळी अण्णा अंगणात ब्रश धूत होते. केरोसीनचा वास सुटलेला. मी त्यांच्या समोर उकिडवी बसले आणि एका दमात बोलून टाकलं, की मी चुकले, दहा नाही, पाच आहेत, नंबर रद्द करायला नको होता, तुम्ही शिडीवर चढू नका, माझ्यामुळे पडाल. बोलता बोलता रडायला लागले. आई मधल्या दारात लोणच्याची बरणी पुसत उभी होती.

अण्णा बराच वेळ ब्रशच धूत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपासून हलून राह्यलाय हात. मला का कळंना?"

म्हटलं, मग त्या दिवशी हसलात का? नंबर रद्द का केलात?

"तू इतकी खूश झाल्ती. मला वाटलं, आसंल बुवा. शिकलेलं लेकरू म्हणतंय तर आसंल." मग थोड्या वेळाने, "आन् जायचं भेव वाटत होतं, मंग काय. डाक्टरनं ब्रश ठिव म्हणलं तर मी काय करू? दुसरं काय येतं मला?"

अण्णांच्या तोंडून भेव हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांचा हात धरला. माझ्या हातात तो हलत होता. पाचाने की दहाने, काय कळणार.

"फोनला ईचारलंस," ते म्हणाले, "मला एकदा ईचारायचं ना."

हे मला फार लागलं. बरोबरच आहे त्यांचं.

१७ फेब्रुवारी

मामाने पुन्हा खटपट करून गुरुवारचा नंबर मिळवला. वर मला ऐकवलं, "भाचे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं हाय तुझं." ऐकून घेतलं. शाळेचं काम अण्णांनी पुढे ढकललं. हेडमास्तरांना सांगितलं, रंग यायचाय.

१९ फेब्रुवारी

उद्या. गाडी, फाईल, डबा, सगळं तयार. माझं मन सोडून.

गावात मिरवणुकीचे ढोल वाजतायत. पूर्वी या दिवसांत अण्णांना बोर्डांचं काम असायचं, आता सगळं फ्लेक्सवर येतं. अण्णा दारात बसून जाणारा प्रत्येक फ्लेक्स वाचत होते आणि शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. घाबरले की ते असेच चिडतात. मी त्यांचीच पोरगी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

देवा!

नीट लिहिते. क्रमाने.

डॉक्टर बाई होत्या, शांत, केस पांढरे. आधी त्यांनी अण्णांशी नुसत्या गप्पा मारल्या, कुठले, काय करता. मला वाटलं वेळ घालवतायत. आता कळतंय, त्या हाताकडे बघत होत्या. अण्णांचा हात मांडीवर होता, गप्प. मग म्हणाल्या, हात पुढे धरा. थरथर सुरू! पेला उचला. थरथर वाढली. मग कागद-पेन दिलं, "जिलबी काढा, आतून बाहेर." बोर्ड रंगवणारा माणूस! अण्णांनी श्वास रोखला आणि काढली. वळणं सगळी सारखी, पण कडेने सगळीकडे बारीक दाते.

मग चालवलं, वळवलं, कोपर हलवून बघितलं, बोटं आपटायला लावली.

आणि म्हणाल्या, कंपवात नाही. ही वेगळी थरथर. काम करताना येते, हात टेकला की जाते. त्रास देते, पण राधेश्यामकाकांसारखं करत नाही. (काकांचं मीच मधे बोलले होते.) गोळी दिली, बरीच कमी होईल म्हणाल्या. रक्ताची एक तपासणी सांगितली. ब्रश सोडायची काहीच गरज नाही!

मला राहवलं नाही. म्हटलं, पण मॅडम, पाच येतात. मी काढलंय. लॅपटॉप उघडून दाखवला. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. म्हणाल्या, "छान काढलंय. पण नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, बाळ. याचे पाच असू शकतात आणि त्याचेही पाच असू शकतात. हात कधी हलतो, ते बघायचं. तू म्हणतेस तो आजार रिकाम्या हातात दिसतो. हात नुसता मांडीवर पडलेला असतो आणि हलतो. काही हातात घेतलं की उलट शांत होतो."

मला राधेश्यामकाका आठवले. गल्ल्यावर बसलेले, आणि मांडीवर बोटं तंबाखू मळल्यासारखी चाललेली. मी नेहमी समजायचे, तंबाखूच मळतायत.

बाहेर आलो. अण्णांनी उसाचा रस पाजला. पेला दोन्ही हातांनी धरून, सगळ्यांसमोर, थरथरत प्यायले. म्हणाले, "हलू दे मायला."

येताना गाडीत ते झोपले. मी खिडकीत बसून रडले आणि हसले. समोरच्या बाईने मला शेंगा दिल्या.

२१ फेब्रुवारी

सरांना आता खरं सांगितलं, हात कोणाचा ते. सरांनी आलेख पुन्हा उघडायला लावला. मग म्हणाले, प्रोजेक्ट म्हणून हेच दे. वेळेच्या अक्षाची चूकसुद्धा लिही, लपवू नको. पण तुलनेला एक साधा हात पाहिजे, निरोगी माणसाचा. काम करतानाची नोंद आणि टेकलेल्या हाताची नोंद, दोन्ही.

अकिब लगेच म्हणाला, "माझा घे." म्हटलं, तुझ्या हातात चोवीस तास फोन असतो, तो टेकणार कधी? हसला. किती दिवसांनी हसलो आम्ही! शिवाय अण्णांच्या वयाच्या जवळचं कोणीतरी हवं.

२२ फेब्रुवारी

गोळी लागू पडतेय की मनाचे खेळ, माहीत नाही, पण आज अण्णांनी एका ट्रॉलीवर मालकिणीचं नाव काढलं, 'कौसल्या', आणि 'क'च्या पोटातला गोल एका दमात वळवला. मला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'बघ'.

आईला म्हटलं, उद्या तुझा हात लागणार आहे, मिनिटभर. म्हणाली, "माझ्या हाताला काय झालंय? आन् मिनिटभर बसू कधी मी?" म्हटलं, उद्या रविवार आहे, बसवतेच तुला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईला बळेच पाटावर बसवलं. हातातली परात काढून घेतली. फोन हाताच्या पाठीवर बांधला, हात मांडीवर मोकळा ठेवायला लावला. बॅटरी भरलेली होती. आलेख बरोबर साठाव्या सेकंदाला संपला. आणि पाचाच्या जरा अलीकडे एकच रेघ, उभी, स्वच्छ, आजूबाजूला गवतसुद्धा नाही. मला वाटलं, पुन्हा मीच काहीतरी चुकले. पुन्हा घेतली. पुन्हा तीच. मग लॅपटॉप मिटला आणि नुसतं आईच्या हाताकडे पाहिलं.

"झालं का गं? कणीक वाळून राह्यली," म्हणाली. परात ओढली, हात कणकेत घातला, आणि हात शांत झाला.

अंगणात जाऊन मामाला फोन केला, पुन्हा नंबर लावा म्हणून. मामा म्हणाले, "आता कशाला? अण्णाचं तर झालं ना बराबर?" म्हटलं, अण्णांसाठी नाही मामा. आईसाठी.